चकमकीच्या पिस्तुलाची आणि त्याच्या पेटीची निगा

लंडनच्या जोसेफ मँटनसारख्या कारागिरांनी १८०० च्या सुमारास घडवलेले चकमकीचे (गारगोटीच्या ठिणगीने बंदुकीची दारू पेटवणारे, म्हणजे फ्लिंटलॉक) पिस्तूल हाती आले, तर प्रथम नळीत लाकडी काठी घालून आतली खोली बाहेरच्या लांबीशी ताडून पाहावी. कारण जुनी दारू आत ठासलेली असू शकते, आणि तसे आढळल्यास काम जाणकाराकडेच सोपवावे. गंजावर सँडपेपर मुळीच चालवू नये. हलके तेल दिवसभर मुरवून अतिबारीक स्टील वूलने हळुवार पुसल्यास नळीवरील तपकिरी छटा आणि परीक्षणाचे शिक्के (नळी चाचणीत टिकल्याच्या खुणा) शाबूत राहतात. पेटीतली हिरवी बनात, म्हणजे अस्तराचे जाड लोकरी कापड, कसरीने खाल्लेली असली तरी बदलू नये (नवी बनात जाणकाराला लगेच खटकते), आणि झाकणाच्या आतील कारागिराच्या छापील चिठ्ठीला ओले फडके लावू नये.