टॉर्कचा आकडा एकाच जागी ठेवा

रबाळे एमआयडीसीत पंपांची मॅन्युअलं सांभाळताना अंगाशी आलेली गोष्ट. बोल्ट बदलले, टॉर्क (बोल्ट किती जोराने पिळायचा तो आकडा) ४० न्यूटन-मीटरवरून २५वर आला. हा आकडा बारा फायलींत होता; अकरा दुरुस्त केल्या, बारावी राहिली. फिटरने नेमकी तीच उघडली आणि बोल्ट पिळून तुटला.

तेव्हापासून टॉर्क, ग्रीस, सुरक्षा सूचना यांचे सुटे मॉड्यूल, म्हणजे एकेका विषयाची वेगळी छोटी फाइल, ठेवतो आणि मॅन्युअलमध्ये फक्त जोडतो. कॉपी-पेस्ट बंद. (डिटा हे एक्सएमएल मानक याचसाठी आहे, पण सुरुवात साध्या फोल्डरनेही होते.) मॉड्यूलला नाव कामाचं द्या, 'सील बदलणे' असं, मॉडेलचं नको. क्यूआर कोडही थेट पीडीएफ उघडणारा नको, चालू आवृत्तीच्या पानावर नेणारा ठेवा. आणि पंपाच्या कंट्रोल पॅनेलच्या दाराआड सेलोटेपने चिकटवलेली जुनी प्रिंट आधी फाडा. फिटर तीच बघतो.