आयनिक बंध आणि सहसंयुज बंध: ओळखायचे कसे, काढायचे कसे

केमिकल बाँडिंग म्हटलं की एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं, सोडियमला एक इलेक्ट्रॉन नको असतो, क्लोरीनला एक हवा असतो, याने दिला त्याने घेतला, झाला आयनिक बंध. या वाक्यावर मार्क मिळतात हे खरं, पण अकरावीला गेलं की हेच वाक्य आडवं येतं, कारण देणंघेणं म्हणजे बंध नाहीच. देणंघेणं झाल्यावर जे विरुद्ध चार्ज तयार होतात त्यांचं एकमेकांकडे जे आकर्षण असतं तो बंध. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा धडा पाठ करावा लागत नाही. तर कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर काढत जा.

आधी बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते काढा, बाकी आतलं सगळं विसरा. सोडियमचा अणुअंक ११ म्हणजे संरूपण (आतून बाहेर कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन) २, ८, १, क्लोरीनचा १७ म्हणजे २, ८, ७. दरवेळी संरूपण लिहायचा कंटाळा येत असेल तर आवर्तसारणीत गण बघा, गण १ ला एक, गण २ ला दोन, आणि गण १३ ते १८ असेल तर त्यातून १० वजा करा (फक्त हेलियम सोडून, त्याच्याकडे दोनच असतात). हे इलेक्ट्रॉन चिन्हाभोवती ठिपके म्हणून मांडायची पद्धत गिल्बर्ट ल्युईसने १९१६ साली दिली, आज शंभरहून जास्त वर्षं झाली तरी आपण तीच वापरतो.

आता सोडियम क्लोराईड. सोडियमचा बाहेरचा एक ठिपका क्लोरीनकडे बाणाने दाखवा. मग उजवीकडे सोडियम आयन (आयन म्हणजे चार्ज आलेला अणू किंवा अणूंचा गट) लिहा, भोवती ठिपका नको, वर अधिक चिन्ह. क्लोराईड आयनाभोवती आठ ठिपके, चौकोनी कंस आणि कंसाबाहेर वर उणे चिन्ह. कंस आणि चार्ज विसरले की मार्क जातात, आणि ते बरोबरच आहे कारण चार्ज हाच तर मुद्दा आहे. दोघांच्या मध्ये रेघ मारू नका, रेघ म्हणजे शेअर केलेली जोडी, इथे शेअर काहीच नाहीये.

मॅग्नेशियम क्लोराईड असेल तर मॅग्नेशियमकडे दोन इलेक्ट्रॉन आहेत आणि एक क्लोरीन एकच घेऊ शकतो, म्हणून क्लोरीन दोन लागतात. सूत्रात २ कुठून आला ते इथे दिसतं, दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखे झाले पाहिजेत एवढंच.

आता "सोडियमला इलेक्ट्रॉन नको असतो" या वाक्याकडे येऊ. वायू अवस्थेतल्या सोडियम अणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू मोजायचं ठरलेलं माप) साधारण ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते, म्हणजे सोडियम आपणहून काही देत नाही. क्लोरीनने तो घेतला की सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. वजाबाकी करा, अजून १४७ ची तूट आहे! नुसत्या देण्याघेण्यावर हा व्यवहार कधी झालाच नसता. पण हे आयन जवळ येऊन स्फटिक बनतो तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात आणि त्यात सगळी तूट भरून निघते. म्हणून मीठ बनतं. अष्टक पूर्ण होणं, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होणं, ही लक्षात ठेवायची सोय आहे आणि ती चांगली सोय आहे, पण खरं कारण ऊर्जा कमी होणं हे आहे, मला वाटतं हे नववीतच सांगायला पाहिजे.

आणि हो, मिठाच्या खड्यात एक सोडियम एक क्लोरीन अशा जोड्या नसतात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराईड, प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम, असं सगळीकडे पसरलेलं जाळं असतं, त्यामुळे "मिठाचा रेणू" असं लिहू नका. हे जाळं मोडायला खूप उष्णता लागते म्हणून मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. मॅग्नेशियम ऑक्साईडमध्ये चार्ज एकाऐवजी दोन-दोन आहेत, आकर्षण कितीतरी जास्त, तर तो २८०० अंशांच्याही वर वितळतो. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही पण वितळवलं किंवा पाण्यात विरघळवलं की नेतं, कारण तेव्हा आयन हलायला मोकळे होतात.

सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉन कोणीच सोडत नाही. दोन हायड्रोजन अणू जवळ आले की दोघांचेही इलेक्ट्रॉन मधल्या जागेत जास्त असतात आणि दोन्ही केंद्रकं त्या एकाच जोडीला आपल्याकडे ओढतात, त्यामुळे अणू बांधलेले राहतात. फार जवळ आले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात, म्हणून ७४ पिकोमीटरवर तोल साधतो. म्हणजे इथेही शेवटी चार्जचं आकर्षणच आहे.

काढायची रीत कार्बन डायऑक्साईडवर बघू, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एकूण संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, मोजा, ४ + ६ + ६ = १६. कार्बन मध्ये ठेवा, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, दोन रेघा मारा, म्हणजे ४ संपले, उरले १२. ते आधी बाहेरच्या अणूंना द्या, प्रत्येक ऑक्सिजनला सहा. ऑक्सिजन खूष, पण कार्बनकडे चारच. मग प्रत्येक ऑक्सिजनची एक मोकळी जोडी मध्ये आणा, दोन्हीकडे दुहेरी बंध झाला. परत मोजा, १६ च पाहिजेत, एकही जास्त नको. ही मोजणी शेवटी करायचीच, निम्म्या चुका तिथेच सापडतात.

कुठला बंध आहे हे ओळखायला धातू-अधातू असेल तर आयनिक आणि दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज, ही ट्रिक बहुतेक वेळा चालते. न चालली तर विद्युतऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची अणूची ताकद) फरक बघा, पॉलिंगच्या टेबलात सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३, सरळ आयनिक. बरेच क्लासवाले १.७ च्या वर आयनिक असं सांगतात पण ती रेषा दगडावरची नाही. हायड्रोजन फ्लोराईडमध्ये फरक १.७८ आहे तरी तो सहसंयुज आहे, फक्त जोडी फ्लोरीनकडे खूप सरकलेली. आणि निर्जल ॲल्युमिनियम क्लोराईडमध्ये धातू असूनही तो १८० अंशांच्या आसपास सरळ वायू होतो, मिठाच्या ८०१ शेजारी हा आकडा ठेवून बघा, त्यात सहसंयुजपणा किती आहे ते कळेल.

आता एक स्वतः करून बघा, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. यात एकही धातू नाही तरी आयनिक आहे, आणि पोटात सहसंयुज बंधही आहेत. अमोनियम आयनासाठी मोजा: नायट्रोजनचे ५, चार हायड्रोजनचे ४, झाले ९, वर अधिक चार्ज आहे म्हणून १ वजा, उरले ८, म्हणजे चार रेघा. सगळ्याला कंस, बाहेर अधिक. शेजारी क्लोराईड, आठ ठिपके, कंस, बाहेर उणे. या चारपैकी एका बंधात दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजननेच दिलेत, पण बंध तयार झाल्यावर चारही अगदी सारखे असतात, त्यामुळे चित्रात त्यातला एक वेगळा दाखवायची गरज नाही.