काल साफ केलं आणि आज पिस्तूल अडकतंय? आधी आपलेच हात आठवा

शनिवारी रात्री जेवण उरकून पिस्तूल खोललं, दोन तास घासून लख्ख केलं, आणि रविवारी सकाळी रेंजवर पहिल्याच मॅगझिनला तिसऱ्या राउंडला अडकलं. महिनाभर घाण होतं तेव्हा मुकाट चालत होतं, हे विशेष. पॉइंट टू-टूवाल्यांपैकी (०.२२ इंची गोळीचं टार्गेट पिस्तूल वापरणाऱ्यांपैकी) ज्याला हा अनुभव नाही तो बहुतेक पिस्तूल साफच करत नाही.

मी २५ मीटर पिस्तूल खेळतो, क्लब लेव्हलला, फार मोठा शूटर वगैरे नाही, पण खोलजोड करायची खाज पहिल्यापासून आहे त्यामुळे ज्युनियर पोरं "दादा, जरा बघा ना" म्हणत माझ्याकडे येतात. आणि जवळजवळ दरवेळी एकच गोष्ट निघते, काही तुटलेलं नसतं, काल रात्री हाताने काहीतरी केलेलं असतं. म्हणून नवीन स्प्रिंग मागवायच्या आधी, सेटिंगच्या स्क्रूला हात लावायच्या आधी शांत बसून आठवायचं, काय काय काढलं, कुठे तेल घातलं, चिंधी कुठली वापरली, गोळ्यांचं पाकीट तेच आहे का नवीन फोडलं. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. साफसफाईच्याच दिवशी नवीन लॉट चालू केला आणि दोष तेलाला, असंही बघितलंय.

आता सगळ्यात आधी, आणि हे कंटाळवाणं वाटलं तरी, मॅगझिन बाहेर, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे, चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी बघायचं, मग सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याची रंगीत खूण). घरी टेबलावर खरी गोळी नको म्हणजे नकोच, पाकीट दुसऱ्या खोलीत कुलपात. घरच्या तपासणीला डमी राउंड (दारू नसलेल्या खोट्या गोळ्या) वापरायचे. खऱ्या गोळीची जी काही टेस्ट असेल ती रेंजवरच, रेंज ऑफिसरला सांगून. रेंजवर ट्रिगर दाबला आणि नुसतं टक् झालं तर नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबायचं, कधीकधी गोळी उशिरा पेटते. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, पुठ्ठ्याचा खोका पडल्यासारखा, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी मारली तर नळी फुगते, कधी त्याहून वाईट होतं. सफाईनंतर तर हे जास्तच बघायचं कारण नळीत राहिलेली चिंधी पण तेच काम करते. जोडायच्या आधी नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे, रोज, न चुकता.

आता तेल. माझ्या मते अर्धी दुखणी इथूनच येतात. पॉइंट टू-टूची गोळी म्हणजे बहुतेक वेळा नुसतं शिसं, वरून मेण किंवा ग्रीसचा हात, आणि दारू जळल्यावर काजळी भरपूर. त्यात तुम्ही तेल ओतलं की काजळी, मेण आणि तेल मिळून काळा चिखल होतो, तो बोल्टला धरतो. आपली बहुतेक टार्गेट पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे गोळी सुटताना जो धक्का मागे येतो तेवढ्यावरच बोल्टने मागे जायचं, पुंगळी (रिकामं काडतूस) फेकायची आणि येताना पुढची गोळी घेऊन यायचं. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या (साध्या वेगाच्या) ४० ग्रेनच्या (साधारण अडीच ग्रॅमच्या) गोळीत ताकद ती केवढी, बोल्टला चिखल लागला की तो मागे अर्धवटच जातो. मग पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी खिडकीत उभी अडकते, स्टोव्हच्या धुराड्यासारखी, किंवा पुंगळी जाते पण पुढची गोळी उचललीच जात नाही.

तेल किती घालायचं? बोल्ट ज्या पट्ट्यांवर सरकतो तिथे प्रत्येक बाजूला एकेक थेंब, बोटाने पसरवायचा, झालं. चेंबर कोरडा. बोल्टचा तोंडाचा भाग कोरडा. फायरिंग पिनची नळी कोरडी. मॅगझिन आतून पूर्ण कोरडं. पिस्तूल हातात धरल्यावर तळवा तेलकट झाला तर तुम्ही जास्त घातलंय, फोडणी घालत नाहीये आपण.

आणि कुठलं तेल, तर बंदुकीचं. आमच्याकडे एका काकांनी खोबरेल घातलं होतं, घरचं शुद्ध आहे म्हणून. ऑक्टोबरपर्यंत ठीक चाललं, मग पुण्याची थंडी पडली आणि एका सकाळी बोल्ट मागे ओढला तर तो आरामात, विचार करत करत पुढे आला. खोबरेल साधारण २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, हे आंघोळीच्या वेळी बाटली उन्हात ठेवणाऱ्या माणसाला सांगावं लागू नये खरं तर. गंज सोडवायचा स्प्रे सुद्धा तेल म्हणून चालत नाही, तो पाणी घालवायला आणि गच्च झालेलं सैल करायला चांगला, पण मागे चिकट थर ठेवतो आणि गोळ्यांच्या आसपास मारलात तर आत झिरपून पेटायचा मसालाच खराब करू शकतो. शिलाई मशीनचं पातळ तेल अडीअडचणीला चालतं, पण लवकर उडून जातं.

बरं, तेल पुसलं तरी अडकतंय. मग अडकतंय म्हणजे नक्की काय होतंय ते बघा, कारण "जॅम होतं" एवढ्यावर कोणीच काही सांगू शकत नाही.

बोल्ट पूर्ण बंद होत नसेल, मागे बारीक फट राहत असेल, तर पहिला संशय रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे ढकलणारी) आणि तिच्या गाइडवर (ती ज्या दांडीवर बसते तिच्यावर). बऱ्याच पिस्तुलांत गाइडला पुढचं-मागचं तोंड असतं, काहींत स्प्रिंगचं एक टोक घट्ट असतं ते ठराविक बाजूलाच जातं. उलटं बसवलं तरी पिस्तूल जोडलं जातं, हीच गोची आहे. उपाय सोपा, रिकामं पिस्तूल परत खोला, मॅन्युअलमधलं चित्र शेजारी ठेवा आणि एकेक पार्ट ताडून बघा. मी तर आता खोलताना मोबाईलवर फोटो काढत जातो, जोडताना उलट्या क्रमाने बघत यायचं. ज्यांच्या डिझाइनमध्ये जमत असेल त्यांनी स्प्रिंग काढून नुसता बोल्ट जागेवर ठेवावा आणि पिस्तूल पुढे-मागे कलतं करावं, बोल्ट स्वतःच्या वजनाने सळसळ घसरला पाहिजे. कुठे खरखरला तर तिथेच घाण किंवा बर (धातूची बारीक उठलेली कड) आहे.

माझी स्वतःची फजिती याच फटीची. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री साफ केलं, जुन्या बनियनच्या चिंध्यांनी. सकाळी सायटिंगला (मोजणीआधीच्या सरावाच्या गोळ्यांना) दर दोन-तीन गोळ्यांनी बोल्ट उघडा, नखाच्या जाडीएवढी फट. स्प्रिंग बघितली, बरोबर. मॅगझिन बदललं, तेच. शेवटी सरांनी फोनचा टॉर्च चेंबरवर मारला आणि म्हणाले, हे काय मूंछ आलीये तुझ्या पिस्तुलाला? एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली बनियनचा दोरा, तिळाएवढा, तेलात भिजून काळा झालेला. आकडा गोळीच्या कडेवर नीट बसतच नव्हता. टूथपिकने काढला, विषय संपला, पण तोपर्यंत माझं डोकं फिरलेलं आणि त्या दिवशीचा स्कोअर मी इथे लिहिणार नाही. तेव्हापासून बनियन बंद, फ्लॅनेल किंवा विकतचे पॅच, आणि शेवटी टॉर्च मारून आकड्याखाली बघायचं. टूथपिक लाकडीच घ्या, सुई नको, ओरखडे पडतात.

पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल तरी पहिले हाच आकडा बघायचा. त्याची स्प्रिंग आणि बारीक प्लंजर कामाशिवाय काढूच नका, एकदा उडालं की सोफ्याखाली झोपून शोधावं लागतं. आणि चेंबर बोटाने नाही, ब्रशने घासायचा. तोंडाशी मेण आणि शिशाची कडक रिंग जमते, वरवर पुसून ती जात नाही, मग गोळी शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जायला कुरकुर करते.

आता टक् होतं पण फुटत नाही. इथे ती न फुटलेली गोळी हातात घेऊन कडेवरची खूण बघा, अर्थात ते ३० सेकंद झाल्यावर. पॉइंट टू-टूत पेटायचा मसाला मधल्या टिकलीत नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटते. फुटलेल्या पुंगळीची खूण शेजारी ठेवून ताडा. दोन्ही सारख्याच खोल असतील तर पिस्तुलाला शिव्या देऊ नका, मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल, गोळी फिरवून परत लावली की बऱ्याचदा फुटते. खूण उथळ असेल तर पिन नीट येत नाहीये. पिनच्या नळीत तेल आणि काजळी, किंवा पिनची बारीक स्प्रिंग चुकीच्या जागी, किंवा बोल्ट पूर्ण बंदच होत नाही (म्हणजे परत वरचा फटीचा परिच्छेद). आणि खूणच नसेल तर पिन किंवा तिला अडवणारी खिट्टी टेबलावरच्या पेपरात गुंडाळून रद्दीत गेली का बघा. हसू नका, झालंय असं.

एक गोष्ट अजून. सफाई झाल्यावर हौसेने रिकामं ट्रिगर दाबत बसायची सवय असते. ज्या पिस्तुलाला ड्राय फायरची सोय नाही तिथे पिन सरळ चेंबरच्या काठावर आपटू शकते आणि काठावर छोटासा डाग उठतो, मग गोळी आत जाताना तिथे अडते. डमी राउंड वापरा.

मॅगझिनला लोक निर्दोष समजतात, का कोण जाणे. पॉइंट टू-टूच्या गोळीला बुडाला बाहेर आलेली कड असते, त्यामुळे भरताना वरच्या गोळीची कड खालच्या कडेच्या पुढे हवी, मागे राहिली की दोघी एकमेकींत अडकतात आणि गोळी वर येत नाही. आपल्याकडे सेल्फ डिफेन्सच्या लायसन्सवर जी पॉइंट थर्टी-टूची पिस्तुलं असतात त्यांच्या काडतुसालाही थोडी कड असते, तिथेही हे होतं. धुताना फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारा तुकडा) उलटा बसला का, स्प्रिंगचं तोंड फिरलं का तेही बघायचं. मार्करने मॅगझिनांवर १, २, ३ लिहून ठेवा. अडकणं एका नंबरवरच येत असेल तर पिस्तूल सोडा, त्या मॅगझिनकडे बघा. पाच मिनिटांचं काम आणि निम्मा शोध संपतो.

आता जिथे हात लावायचाच नाही ते. एकदा दाबल्यावर दोन गोळ्या गेल्या, किंवा ट्रिगर न दाबता बोल्ट बंद होताना घोडा पडला, तर त्या क्षणी थांबायचं, मॅगझिन काढायचं, पिस्तूल रिकामं करायचं, बॅगेत. "अजून एकदा बघतो" नाही. सॉल्व्हंटचा फवारा मारून ट्रिगर ग्रुपमधली घाण सिअरच्या (घोडा अडवून धरणाऱ्या भागाच्या) खाचेत ढकलली गेली असेल किंवा कुठला स्क्रू फिरला असेल, पण ते शोधणं आपलं काम नाही, आणि तिथे कानस-पॉलिश पेपर लावणं तर अजिबात नाही. लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्या, १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालासुद्धा लायसन्स लागतं, गल्लीतला हुशार लेथवाला चालत नाही. ट्रिगर ग्रुप साफ केला असेल तर ट्रिगरचं वजन मात्र तपासून घ्या, २५ मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरने न सुटता किमान १००० ग्रॅम उचललं पाहिजे, इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या पिस्तूल तपासणीला) तिथेच कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

सगळं जागेवर आलं की रेंजवर लगेच पाच भरू नका. आधी एक गोळी, मग दोन, मग पाच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेल, मॅगझिन आणि पाकीट तिन्ही एकदम बदललं तर दुखणं गेलं तरी कशाने गेलं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत तेच. सफाईनंतरच्या पहिल्या पाच-दहा गोळ्या टार्गेटवर इकडेतिकडे गेल्या तर साइट फिरवू नका, कोरड्या नळीला परत मेण-शिशाचा हात बसेपर्यंत असं होतं.

आणि मॅचमध्येच अडकलं तर? रॅपिडला (२५ मीटरच्या झटपट मारायच्या टप्प्यात) टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद जातं, घाईत हात आपोआप बोल्टकडे जातो. नाही ओढायचा. पिस्तूल टार्गेटकडेच धरून दुसरा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, तुम्ही स्वतः बोल्ट उघडलात की ते मालफंक्शन तुमच्या खात्यावर जातं आणि सिरीज परत मिळत नाही. आमच्या एका मुलीने बोल्ट ओढून गोळी काढली, अगदी सफाईने, आणि उरलेल्या गोळ्यांचे शून्य घेऊन परत आली.

मी आता मॅचच्या आधी तीन-चार दिवस साफ करतो आणि नंतर निदान ५० राउंड मारतो. आदल्या रात्री फक्त बाहेरून पुसायचं, बॅग भरायची आणि झोपायचं.