पेनसिल्व्हेनियात मेडिकल मारिजुआनासाठी व्हिडिओवरून डॉक्टरी तपासणी कशी करून घ्यावी

अमेरिकेत गांजाचा, म्हणजे मारिजुआनाचा, कायदा राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत 21 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तो दुकानात विकत मिळतो. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात आलात, की फक्त औषध म्हणून आणि राज्याचं कार्ड असेल तरच. 2016 च्या ॲक्ट 16 ने ही सोय केली, प्रत्यक्ष विक्री फेब्रुवारी 2018 मध्ये सुरू झाली. कोविडच्या काळात डॉक्टरांना समोरासमोर न भेटता तपासणी करून घेण्याची तात्पुरती मुभा मिळाली होती, ती 2021 च्या ॲक्ट 44 ने कायमची केली. तेव्हापासून हे काम घरबसल्या होतं.

व्हिडिओ कॉल हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. माणसं अडकतात ती आधीच्या कागदांत, आणि आपली माणसं अडकतात ती व्हिसात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अर्ज करण्याआधी: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?

नसाल, तर इथेच थांबा आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. राज्याने परवानगी दिली असली तरी संघराज्याच्या कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व ही सगळी कामं संघराज्याच्या कायद्याने चालतात. इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या यूएससीआयएस या केंद्रीय खात्याने एप्रिल 2019 मध्ये लेखी स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. 'पण मी तर कार्ड काढून, रीतसर घेतलं' हे उत्तर ऑफिसरपुढे बचाव ठरत नाही, उलट कबुली ठरू शकते. हाच प्रश्न भारतातून परतताना विमानतळावर ग्रीन कार्डवाल्यालाही विचारला जाऊ शकतो.

माझं मत विचाराल, तर एच-वन-बीवर असाल किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे असाल, तर पाठदुखीवर दुसरा इलाज शोधलेला बरा. व्हिडिओ तपासणी विकणाऱ्या वेबसाइटी याबद्दल सहसा चकार शब्द काढत नाहीत.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही हे कार्ड मिळत नाही, कारण ते राज्याचे रहिवासी नाहीत. आणि 'आईचे गुडघे फार दुखतायत, माझ्यातलेच दोन थेंब देते' हा मोह टाळा. स्वतःच्या कार्डावर आणलेलं औषध दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, मग तो दुसरा घरातला का असेना.

पहिली पायरी: तुमचा आजार यादीत आहे का ते पाहा

राज्याने गंभीर आजारांची यादी ठरवून दिली आहे. कॅन्सर, फिट्स, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, काचबिंदू, आतड्यांचा दाह, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक त्रास), ऑटिझम हे तिच्यात आहेत. दीर्घकालीन तीव्र वेदनाही आहेत. 2019 मध्ये अँक्झायटीच्या विकारांची भर पडली. नुसती झोप येत नाही म्हणून कार्ड मिळत नाही. झोप ज्या आजारामुळे उडाली आहे तो यादीत हवा.

दुसरी पायरी: राज्याच्या रजिस्ट्रीत नाव नोंदवा

हे डॉक्टरांच्या आधी करायचं. डिपार्टमेंट ऑफ हेल्थच्या मेडिकल मारिजुआना रजिस्ट्रीत पेशंट म्हणून खातं उघडा, म्हणजे पेशंट आयडी मिळेल. पेनसिल्व्हेनियाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी लागतं.

इथे मराठी नावांची गंमत होते. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून असतं, लायसन्सवर त्याचं एकच अक्षर उरलेलं असतं, आणि इन्शुरन्स कार्डावर तेही गळालेलं. रजिस्ट्रीत लायसन्सवर आहे तसंच्या तसं नाव भरा, जागा आणि स्पेलिंगसकट. डॉक्टर तुम्हाला रजिस्ट्रीत शोधतात ते याच माहितीवरून. नाव जुळलं नाही तर तपासणी होऊनही सर्टिफिकेशन, म्हणजे डॉक्टरांनी रजिस्ट्रीत करायची मंजुरीची नोंद, लटकतं. नुकतंच घर बदललं असेल तर आधी पेनडॉटकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या वाहतूक खात्याकडे, पत्ता बदलून घ्या, कारण कार्ड टपालाने येतं.

पेशंट 18 वर्षांखालचा असेल, किंवा वयामुळे डिस्पेन्सरीपर्यंत (हे औषध विकणाऱ्या दुकानापर्यंत) जाऊ शकत नसेल, तर काळजीवाहकाची वेगळी नोंदणी करावी लागते. तिच्यात त्या व्यक्तीची पार्श्वभूमी तपासली जाते, त्यामुळे हाताशी वेळ ठेवा.

तिसरी पायरी: डॉक्टर निवडा

कुठलाही डॉक्टर हे करू शकत नाही. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स हवं, चार तासांचं ठरावीक प्रशिक्षण हवं आणि राज्याकडे नोंदणी हवी. मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी डिपार्टमेंट ऑफ हेल्थच्या संकेतस्थळावर आहे. जाहिरातीतून सापडलेल्या सेवेत तुम्हाला नेमके कोणते डॉक्टर पाहणार हे विचारून घ्या आणि ते नाव त्या यादीत आहे का बघा.

नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनाही एकदा विचारा. बरेच जण यात पडत नाहीत, पण त्यांच्या कानावर असलेलं चांगलं. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: डॉक्टरांनी नकार दिला तर फी परत मिळते का? 'मंजुरीची शंभर टक्के हमी' देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. आधीच हमी दिली असेल तर तपासणी कसली? इन्शुरन्समधून यातलं काही मिळत नाही, डॉक्टरांची फीही नाही आणि औषधही नाही.

चौथी पायरी: कागद आणि औषधांची यादी

निदान लिहिलेला कागद हवा: एमआरआयचा रिपोर्ट, तज्ज्ञांची टिपणं, मागच्या व्हिजिटचा सारांश. मायचार्टमधून (हॉस्पिटलच्या ऑनलाइन खात्यातून) हे उतरवून घेता येतं. आजवर काय काय करून पाहिलं, फिजिओथेरपी, इंजेक्शनं, गोळ्या, तेही थोडक्यात लिहून ठेवा.

औषधांची यादी मात्र थोडक्यात नको. रोजच्या गोळ्या डोससकट लिहा, आणि भारतातून बॅगेत आलेल्या गोष्टीही लिहा. गुग्गुळ, अश्वगंधा, वैद्यांनी दिलेल्या बिननावाच्या पुड्या यांना आपण 'औषध' समजत नाही, म्हणून त्या यादीत येतच नाहीत. रक्त पातळ करणारी वॉरफरीन चालू असेल तर ती ठळक अक्षरांत लिहा. गांजातल्या सीबीडी या घटकामुळे वॉरफरीनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. काही फिट्सच्या औषधांचंही सीबीडीशी जमत नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष कॉल

कॉलच्या वेळी लायसन्स हाताशी ठेवा, ते कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. उजेड समोरून येईल असं बसा. बंद दाराची खोली निवडा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हे उरकू नका. डॉक्टर राज्याच्या प्रिस्क्रिप्शन नोंदींतून तुमची इतर नियंत्रित औषधं पाहू शकतात, तेव्हा लपवाछपवीचा उपयोग नाही.

प्रश्न साधे असतात. दुखणं कधीपासून आहे, कशाने वाढतं, झोप आणि चालणं कितपत बिघडलंय, हृदयाचा त्रास आहे का, व्यसन होतं का, गरोदर आहात का. एका प्रश्नाला आपल्याकडे हमखास गुळमुळीत उत्तर मिळतं: घरात कुणाला मानसिक आजार? 'छे, तसलं काही नाही.' एखाद्या काकांना स्किझोफ्रेनिया असेल तर तो इथे सांगायलाच हवा. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकामुळे सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होण्याचा, धोका वाढतो, आणि डॉक्टर त्यावरूनच हो किंवा नाही ठरवतील.

नागरिक झालेल्या आजी-आजोबांसाठी कॉल असेल तर शेजारी बसा, पण त्यांच्या वतीने बोलू नका. ठणकतं, चमक निघते की मुंग्या येतात हे त्यांना सांगू द्या, तुम्ही फक्त इंग्रजीत पोचवा. शेवटी तुम्ही डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: टीएचसी आणि सीबीडीचं प्रमाण काय ठेवायचं, कोणत्या रूपात घ्यायचं, आणि किती दिवसांनी पुन्हा बोलायचं.

डॉक्टरांना पटलं तर ते रजिस्ट्रीत सर्टिफिकेशन नोंदवतात. हे प्रिस्क्रिप्शन नसतं, त्यामुळे नेहमीच्या फार्मसीत याचा काही उपयोग नाही.

सहावी पायरी: 50 डॉलर आणि कार्ड

रजिस्ट्रीत परत लॉगिन करून राज्याची 50 डॉलर फी भरा. मेडिकेड किंवा स्नॅपसारख्या योजनांत असलेल्यांना सवलत आहे. मग कार्ड टपालाने येतं.

सातवी पायरी: डिस्पेन्सरी

पहिल्या भेटीत तिथल्या फार्मासिस्टशी किंवा इतर वैद्यकीय व्यक्तीशी बोलणं होतं. व्हिडिओवर जे सांगितलं तेच इथेही सांगा, वॉरफरीनसकट. गोळ्या, तेल, टिंक्चर, मलम आणि वाफ घेण्यासाठी सुका पाला मिळतो, पण तो सिगारेटसारखा ओढायला कायद्याने मनाई आहे. रोख रक्कम किंवा डेबिट कार्ड न्या, क्रेडिट कार्ड सहसा चालत नाही.

नवख्या माणसाने टीएचसी अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून सुरू करावं. पोटात घेतलेल्या डोसाचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून तासाभरात दुसरा डोस घेणारेच मग रात्री चक्कर येऊन पडतात. वयस्कर माणसांनी पहिला डोस घरात, कुणी सोबत असताना घ्यावा.

गाडी चालवण्याबद्दल पेनसिल्व्हेनिया कडक आहे. रक्तात अंश सापडला तरी डीयूआयचा (नशेत गाडी चालवल्याचा) खटला होऊ शकतो, आणि कार्ड दाखवून सुटका होत नाही. ट्रक किंवा बस चालवण्यासारख्या डीओटीच्या (केंद्रीय वाहतूक खात्याच्या) नियमांतल्या नोकऱ्यांत हे कार्ड ड्रग टेस्टपुढे चालत नाही. औषध राज्याच्या सीमेपलीकडे नेऊ नका, आणि मुंबईच्या विमानात तर अजिबात नाही. तिथे 1985 चा एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा लागू होतो, आणि पेनसिल्व्हेनियाच्या कार्डाला तिथे काडीची किंमत नाही.

सर्टिफिकेशन जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी पुन्हा कॉलची वेळ घ्या आणि फी भरा. बदललेल्या औषधांची यादी तेव्हाही नव्याने करा.