रोलर आधी सराफाच्या काट्यावर ठेवा, मग स्कूटरला लावा

गिऱ्हाईक गॅरेजात येतं ते पार्टचं नाव घेऊनच. "काका, हलके रोलर टाकून द्या, पिकअप पाहिजे." ॲव्हरेज किती देते? "चाळीस." तेवढं राहायला हवं का? "हो, ते तर पाहिजेच." मग मी त्याला स्टुलावर बसवतो, चहा सांगतो आणि डाव्या बाजूचं कव्हर उघडतो. नाशिकच्या पंचवटीत बावीस वर्षं बिनगिअरच्या गाड्या उघडतोय. बऱ्याच गाड्यांना बाहेरचा माल लागतच नाही. झिजलेलं जागचं बदललं की गाडी आपोआप पळायला लागते.

म्हणून खरेदीआधी जुनं बघा. पुढच्या पुलीच्या पोटात सहा रोलर असतात. इंजिन फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि पुलीची सरकती बाजू बेल्टवर ढकलतात. बेल्ट वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो, म्हणजे गाडीचा गिअर वाढला. रोलर गोल असला तर हे सगळं लोण्यासारखं होतं. एका बाजूने चपटा झाला की तो घरंगळायचं सोडून घासत जातो, मग झटके येतात आणि गाडी साठच्या पुढे रडते. बोटात धरून फिरवा, चपटा भाग नखाला लगेच कळतो. बेल्टची रुंदी व्हर्निअरने मोजून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. बेल्ट एखाद मिलिमीटर बारीक झाला तरी तो पुलीत खाली बसतो आणि टॉप स्पीड जातो. क्लच शू म्हणजे बाहेर फाकून क्लचच्या वाटीला पकडणाऱ्या पट्ट्या. त्यांचं लायनिंग आरशासारखं चमकत असेल तर सुटताना गाडी थरथरते. तिथे नवा क्लच सेट घेण्याआधी पॉलिश पेपरने चमक काढून बघा. धूळ मात्र हवेच्या पाइपने उडवू नका, नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

एवढं करूनही पाहिजे ते मिळालं नाही, तर बाहेरचा माल. त्याचं साधं गणित आहे. पूर्ण रेस दिली की अशा गाडीचं इंजिन एका आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या ठरावीक फेऱ्यांवर, जाऊन टिकतं आणि तिथेच राहून वेग वाढत जातो. ती जागा इंजिनची जास्तीत जास्त ताकद जिथे असते तिच्या आसपास हवी. यामाहा एरॉक्स 155 चे कागद 8,000 आरपीएमला 15 पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर, सांगतात. अशी गाडी पूर्ण रेसवर सात हजारालाच अडकत असेल तर रोलर जड आहेत, आठच्या बरीच वर ओरडत असेल तर हलके. आरपीएमचा काटा नसलेल्या गाडीसाठी प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर मिळतो, तो आधी घ्या. कानावर जाऊ नका. जास्त आवाज म्हणजे जास्त पळणं, असं पोरांना वाटतं. मलाही वाटायचं.

हा हिशोब फक्त स्कूटरचा नाही. माझा भाचा एका मोसमात गुलमर्गला बर्फावरच्या गाड्या सांभाळायला होता. तिथून त्याने उघडलेल्या क्लचचा व्हिडिओ पाठवला. आमच्या पुलीचा पैलवान भाऊच तो! रोलरच्या जागी बिजागरीवर झुलणारी वजनं, वर एक स्प्रिंग, आणि मागच्या पुलीत तिरकी खाच असलेला कॅम. ताकदवान गाड्यांत 850 सीसीचं टर्बो इंजिन 180 हॉर्सपॉवर देतं. एवढी ताकद बेल्टने पेलायची, म्हणून तिथे चुकीचं वजन म्हणजे पिकअप गेला एवढ्यावर भागत नाही, बेल्टच्या चिंध्या होतात. दुसरी गंमत उंचीची. साधं, म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, गुलमर्ग 2,650 वर. म्हणजे इथलं इंजिन तिथे नेलं तर वीसेक टक्के दम गेला. त्याला तेच जड वजन दिलं तर ते आरपीएमच गाठणार नाही. म्हणून डोंगरात वजन हलकं करतात. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, इथे सगळे ग्रॅममध्येच बोलतात." म्हटलं, आम्हीही.

तर ग्रॅमबद्दल. पुडीवर 12 लिहिलंय म्हणून आत 12 असतं असं नाही. एकदा मी एक स्वस्त सेट मागवला आणि संशय आला म्हणून सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे नेला. त्याने आधी काट्यावरचा सोन्याचा कण झटकला, मग एकेक रोलर ठेवला. तीन 12.1 भरले, दोन 11.6 आणि एक 12.7. सोनार म्हणाला, "एवढा फरक आम्ही केला तर लोक दुकान जाळतील." सहा रोलर समान हवेत, नाहीतर पुली तिरकी ढकलली जाते आणि तिची बुश, म्हणजे मधली नळी, झिजते. तेव्हापासून माझ्याकडे स्वतःचा छोटा काटा आहे. कंपनीच्या रोलरपासून एकदम तीन ग्रॅम खाली जाऊ नका. एक ग्रॅम कमी केला तरी इंजिन काहीशे आरपीएम वर जातं. मधलं वजन हवं असेल तर तीन जड, तीन हलके असे एकाआड एक बसवता येतात, तेव्हा भार सगळीकडून सारखाच पडतो. जुने काढताना कुठली बाजू कुठे होती त्याचा फोटो काढा. ग्रीसचंही तसंच. काही गाड्यांच्या पुलीत कंपनीनेच रोलरना ग्रीस आणि सील दिलेलं असतं, काही कोरड्या चालतात. उघडल्यावर जे असेल तेच ठेवा. बेल्ट जिथे घासतो तिथे मात्र ग्रीसचा थेंबही नको.

मागच्या पुलीवरच्या मोठ्या स्प्रिंगच्या नादी लवकर लागू नका. कडक स्प्रिंगने घाटात गाडी पटकन खालच्या गिअरला येते, खरं आहे, पण बेल्ट जास्त दाबला जातो आणि तापतो. क्लच शूच्या छोट्या स्प्रिंगा तर त्याहून फसव्या. त्या कडक केल्या की क्लच उशिरा पकडतो आणि सिग्नलवरून गाडी उडी मारते. मी स्वतःच्या गाडीला लावल्या होत्या. पोरं "काका, एक नंबर" म्हणाली. मग नवरात्राआधी आम्ही दोघं सप्तशृंगीला निघालो. नांदुरीच्या पुढे चढावर पुढे बस, मागे बस, गाडी मुंगीच्या पावलाने. क्लच धड पकडेना, धड सोडेना. सगळी ताकद घासण्यात गेली. तिसऱ्या वळणाला करपलेला वास आला आणि मागून आवाज आला, "तुम्हीच मेकॅनिक ना?" घरी येऊन उघडलं तर क्लचची वाटी निळी पडलेली. शहरात, डबल सीट, घाटात चालणाऱ्या गाडीला त्या स्प्रिंगा कंपनीच्याच बऱ्या.

एका वेळी एकच वस्तू बदला. रोलर, बेल्ट, स्प्रिंग एकदम टाकल्यावर काय बिघडलं हे देवालाही सांगता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हा उद्योग नंतर करा.

बदल जमला की नाही ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. पुढच्या पुलीच्या आतल्या घासणाऱ्या बाजूवर मार्करने मध्यापासून कडेपर्यंत दोनतीन रेघा ओढा. कव्हर लावा, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसचा एक फेरा मारा, गार झाल्यावर उघडा. बेल्टने जिथवर रेघ पुसली तिथवर तो चढला. कडेला बोटभर रेघ शिल्लक असेल तर तुमचा वरचा गिअर वाया चाललाय. वजन फार हलकं आहे किंवा मागची स्प्रिंग फार कडक.

जोडताना होणारी एक चूक सगळ्यात महाग पडते. पुढचा नट आवळताना बेल्ट खाली घसरून पुलीची बाजू आणि मधली बुश यांच्यात चिमटतो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो. दोनशे किलोमीटरवर बेल्ट बसतो, नट ढिला होतो आणि डुगडुगणारी पुली क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या दांड्याचे, दाते खाऊन टाकते. माझ्याकडे अशा गाड्या ढकलत आल्यात. त्यासाठी आधी मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबा, म्हणजे पुढे तो सैल राहतो. मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला नट आवळा. आवळून झाल्यावर बेल्ट दोन बोटांत धरून हलवा. पुढच्या पुलीत तो सहज डुलायला हवा. डुलत नसेल तर नट परत सोडा.