मॉडर्निझम शिकायला घेताय? इझमची यादी जरा बाजूला ठेवा

डिझाइन, फिल्म, आर्किटेक्चर, चित्रकला यातलं काहीही शिकायला घेतलं की मॉडर्निझम, म्हणजे विसाव्या शतकातली जुने साचे मोडणारी कलेची लाट, येतोच, आणि येताना एकटा येत नाही, इझमची, म्हणजे वेगवेगळ्या कलापंथांची, अख्खी वरात घेऊन येतो. क्युबिझम, फ्युचरिझम, सुप्रीमॅटिझम, कन्स्ट्रक्टिव्हिझम, त्यात परत डी स्टाइल हा डच गट आणि बाउहाउस ही जर्मन शाळा, शिवाय प्रत्येकाचा आपापला जाहीरनामा. परीक्षेपुरतं पाठ होतं सगळं, पण पेपर झाला की डोक्यात ठणठणाट. मी हे आधी शिकले, आता नव्या पोरांना शिकवते, आणि माझं ठाम मत झालंय की जाहीरनामे शेवटी वाचायचे. आधी वस्तू बघायची, मग ती इमारत असो, खुर्ची असो, चित्र असो नाहीतर एखादा सीन, आणि विचारायचं की हे कशाचं बनलंय आणि कसं बनलंय. कारण ही मंडळी बोलायची एक आणि हातून व्हायचं भलतंच, आणि खरी गंमत तिथेच आहे.

बाउहाउसचंच घ्या. १९१९ ला वायमारमध्ये वॉल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टने काढलेली शाळा, १९२५ ला डेसाउला गेली, १९३२ ला बर्लिनला आणि १९३३ ला नाझींच्या काळात बंद पडली, म्हणजे जेमतेम चौदा वर्षांचा कारभार. वाचायला गेलात तर सगळीकडे एकच पालुपद, कला आणि तंत्रज्ञान एकत्र आणा, कारखान्यात निघतील अशा वस्तू करा. मग तिथल्याच वागेनफेल्ट आणि युकर यांचा १९२४ चा टेबल लॅम्प बघा. वर दुधी काचेचा घुमट, खाली काचेचा दांडा, गोल तळ, एकदम चकाचक, वाटतं मशीनमधून खटाखट निघत असणार. प्रत्यक्षात तो वर्कशॉपमध्ये हाताने बनायचा आणि चांगलाच महाग पडायचा, खुद्द वागेनफेल्टनेच नंतर हे सांगून ठेवलंय. आणि शाळेची बाजारात सगळ्यात जास्त चाललेली वस्तू कुठली, तर वॉलपेपर! सजावटीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांचा वॉलपेपर. मला तर हे कळलं तेव्हा हसू आवरेना.

तिथलीच अजून एक गोष्ट. प्रवेश सगळ्यांना खुला असं जाहीर केलं खरं, पण मुलींना बहुतेक करून विणकामाच्या वर्कशॉपला धाडलं जायचं. आता त्या वर्कशॉपमधून काय निघालं बघा. अॅनी अल्बर्स या विद्यार्थिनीने डिप्लोमासाठी बेर्नाउ गावातल्या कामगार संघटनेच्या शाळेच्या सभागृहाला भिंतीवर लावायचं कापड विणलं, त्यात सुताबरोबर सेलोफेन वापरलं, म्हणजे एका बाजूने उजेड परतवायचा आणि दुसऱ्या बाजूने आवाज शोषायचा. एका कापडात टेक्स्टाइल, आर्किटेक्चर आणि अकूस्टिक्स तिन्ही आलं की नाही? पुढे १९४९ ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिचं स्वतंत्र प्रदर्शन झालं, टेक्स्टाइल कलाकाराचं तिथलं पहिलंच. ग्रोपियसचं भाषण वाचून हे काहीही कळलं नसतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात कामाची वाटते. संगीत वेगळं, सिनेमा वेगळा, बांधकाम वेगळं असे पाच वेगळे चॅप्टर करून हा विषय शिकूच नका, त्यापेक्षा जिथे दोन-तीन क्षेत्रं एकमेकांवर आदळतात अशी ठिकाणं शोधा आणि तिथे मुक्काम ठोका. माझी आवडती जागा म्हणजे पॅरिसचं तेआत्र दे शाँझेलिझे, २९ मे १९१३ ची संध्याकाळ, संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीच्या 'द राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेचा पहिला प्रयोग आणि प्रेक्षकांचा तो गाजलेला गोंधळ. सगळे गोंधळावर थांबतात, इमारतीकडे बघतच नाहीत. ते थिएटरही त्याच वर्षी उघडलेलं, ओग्युस्त पेरे या आर्किटेक्टचं काम, सांगाडा काँक्रीटचा पण दर्शनी भाग संगमरवराने मढवलेला. पेरेच्या ऑफिसात काही वर्षं आधी एक तरुण काम करून गेला होता, तोच पुढे ल कॉर्ब्युझिए या नावाने आर्किटेक्ट म्हणून प्रसिद्ध झाला. आणि गोंधळाचं म्हणाल तर १९१४ ला तेच संगीत नाचाशिवाय कॉन्सर्टमध्ये वाजलं तेव्हा लोकांनी स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यावर घेऊन मिरवला. मग भडका संगीताने उडाला की निजिन्स्की या नर्तकाने बसवलेल्या नाचाने? यावर एक अख्खं असाइनमेंट होऊ शकतं.

ते संगीत ऐकताना मात्र या गोष्टी आठवत बसू नका. सुरुवातीला बासून नावाचं फुंकायचं वाद्य एकटंच वाजतं, इतक्या वरच्या पट्टीत की वाद्य ओळखू येत नाही. थोड्या वेळाने तंतुवाद्यं एकच कर्कश कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, ठोकत राहतात, लय अगदी सरळ, टाळी देता येईल अशी, पण जोर कधी कुठे पडेल त्याचा पत्ता नाही. समेची वाट बघायची सवय असलेल्या कानाला तर हे जास्तच खुपतं, आणि खुपू दे, तेच तर पकडायचंय. हातात पेन्सिल घेऊन जोर पडला की कागदावर रेघ मारत जा, मधलं अंतर किती वेडंवाकडं आहे ते डोळ्याला दिसेल.

असंच दुसरं ठिकाण म्हणजे १९५८ च्या ब्रसेल्स एक्स्पोमधलं फिलिप्स कंपनीचं पॅव्हिलियन, म्हणजे प्रदर्शनापुरती उभारलेली इमारत. काम ल कॉर्ब्युझिएच्या नावावर, पण आकार बसवला त्याच्या ऑफिसातल्या झेनाकिसने, जो इंजिनियरही होता आणि संगीतकारही. त्याने आधी एका रचनेत व्हायोलिनवाल्यांना एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला लावलं होतं, प्रत्येक घसरण म्हणजे ग्राफ पेपरवरची एक सरळ रेघ, आणि अशा बऱ्याच रेघा शेजारी शेजारी ओढल्या की मिळून वक्र दिसतो. पॅव्हिलियनची वळणदार कवचं याच कल्पनेवर. आत शेकडो स्पीकरमधून वारेझ या संगीतकाराचं इलेक्ट्रॉनिक संगीत फिरायचं. एक्स्पो संपल्यावर ते पाडून टाकलं, त्यामुळे आता फोटो, ड्रॉइंग आणि रेकॉर्डिंगवरच भागवायचं, पण ग्राफ पेपर घेऊन त्या रेघा स्वतः ओढून बघा, लेक्चरची गरज पडणार नाही.

सिनेमासाठी मी सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हर्तोव्हच्या १९२९ च्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'पासून सुरुवात करायला सांगते. पूर्ण बघा, पण एक भाग परत परत बघा, जिथे धावता घोडा अचानक गोठतो, मग गोठलेले चेहरे येतात, मग तेच चेहरे फिल्मच्या पट्टीवरच्या चौकटी म्हणून दिसतात आणि एडिटिंग टेबलवर एक बाई त्या पट्ट्या जुळवत बसलेली असते. ती येलिझावेता स्विलोव्हा, या सिनेमाची खरीखुरी एडिटर आणि व्हर्तोव्हची बायको. मग चौकटी पुन्हा हलायला लागतात. सिनेमा कसा बनतो ते सिनेमातच उघडं करून दाखवलंय. आवाज बंद करून हा भाग बघा आणि प्रत्येक कटला बोट मोडा, बघताना सहज वाटणारं किती बारीक कापलंय ते कळतं.

चित्रांचं थोडक्यात सांगते कारण त्यावर मटेरियल भरपूर मिळतं. फक्त स्क्रीनवर बघून मत बनवू नका. मालेविच या रशियन चित्रकाराचा १९१५ चा काळा चौकोन स्क्रीनवर सपाट दिसतो आणि पोरं म्हणतात हे तर मी पण काढेन. त्याला भेगा गेल्यात, भेगांतून खालचे रंग डोकावतात, आणि २०१५ ला मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने तपासलं तर खाली आधीची रंगीत चित्रं निघाली. शिवाय पहिल्या प्रदर्शनात तो छताजवळच्या कोपऱ्यात टांगला होता, जिथे रशियन घरात देवाची प्रतिमा असते. आता काढा बरं.

टायपोग्राफीवाल्यांनी, म्हणजे अक्षरं आणि पानाची मांडणी शिकणाऱ्यांनी, यान चिखोल्ट या जर्मन टायपोग्राफरचा प्रवास बघाच. १९२८ ला नव्या टायपोग्राफीचं कडक नियमांचं पुस्तक लिहिलं, डाव्या-उजव्या समतोलाला शिव्या, टोकांना शेपट्या नसलेली सान्स सेरिफ अक्षरंच वापरा वगैरे, आणि पुढे स्वतःच त्या हट्टावर टीका करून पारंपरिक मांडणीकडे वळला, १९४७ ते १९४९ पेंग्विन प्रकाशनाच्या पुस्तकांची मांडणी सुधारली. त्यामुळे कोणी "मॉडर्निस्ट असं म्हणतात" असं वाक्य टाकलं की मी लगेच विचारते, कोण आणि कुठल्या वर्षी? आणि सगळं युरोपातच घडलं असंही नाही, ब्राझिलिया, चंदीगड, १९४७ चा मुंबईच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, हे परिशिष्ट म्हणून शेवटच्या आठवड्यात उरकायचे विषय नाहीत.

शिकून करायचं काय हा प्रश्न येणारच. शिकवणं आणि लिहिणं आहेच, पण तिथे गर्दी आहे. माझ्या मते कमी लोक बघतात ती बाजू म्हणजे जतन. या पिढीच्या इमारती आता म्हाताऱ्या झाल्यात, काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्याने आतल्या लोखंडाचं संरक्षण जातं, लोखंड गंजून फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं, आणि दुरुस्ती अशी हवी की मूळ पृष्ठभाग ओळखू यायला हवा. जुन्या फिल्म, मॅग्नेटिक टेप, सुरुवातीचं प्लास्टिक, सगळ्यांची हीच रड आहे. यासाठी केमिस्ट्री थोडी तरी यायला हवी आणि जर्मन किंवा फ्रेंच वाचता आलं तर फारच बरं, कारण पत्रव्यवहार आणि ड्रॉइंगवरच्या नोंदी त्या भाषांत असतात. १९८८ ला नेदरलँड्समध्ये सुरू झालेली डोकोमोमो नावाची संस्था मॉडर्न इमारतींची नोंद ठेवते, तिचा माहिती भरायचा एक ठराविक फॉर्म असतो. पोर्टफोलिओत पंधरा गुळगुळीत निबंध घालण्यापेक्षा तुम्हाला आत जाऊन बघता येईल अशा एखाद्या इमारतीचा तो फॉर्म नीट भरा, ड्रॉइंग आणि फोटोंसकट. कधी बांधली, कोणी बांधली हे चटकन होईल, वेळ जाईल तो मटेरियल काय होतं आणि नंतर कोणी काय बदललं या रकान्यांत.