खनिज ओळखताना रंगावर विसंबू नका

पांढरा, चमकदार दगड हातात आला की बहुतेक जण त्याला गारगोटी म्हणून मोकळे होतात. तो कॅल्साइटही (चुनखडीतलं मुख्य खनिज) असू शकतो. रंग सगळ्यात शेवटी पाहा, आधी ओरखडा काढा.

कठिनता 1 ते 10 अशा मोस मापनावर मोजतात: नखाची साधारण 2.5, काचेची 5.5. कॅल्साइट 3, त्यामुळे त्याच्यावर पोलादी चाकूचा चरा सहज उमटतो. गारगोटी 7, चाकू फिरवला तर उलट चाकूचाच धातू करड्या रेघेसारखा दगडावर राहतो. इथेच बरेच जण फसतात! ओलं बोट फिरवा: पुसली गेली तर ती चाकूची रेघ, खाच राहिली तर दगडावरचा चरा.

शंका उरलीच तर 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. कॅल्साइट लगेच फसफसतो, गारगोटी ढिम्म. कॅल्साइटसारखंच दिसणारं डोलोमाइट हे खनिज मात्र थंड आम्लात जेमतेम बुडबुडे सोडतं. चाकूने खरवडून भुकटी केली की मगच नीट फसफसतं. डोळ्यांना चष्मा हवाच. घरी व्हिनेगर चालेल, पण भिंगातून बघावं लागेल इतकी मंद क्रिया होते.

गडद, धातूसारख्या दगडांसाठी कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, पाहा. झिलई नसलेल्या फरशीच्या मागच्या बाजूवर घासा. हेमॅटाइट काळा दिसला तरी रेघ तांबूस-तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी, आणि त्याला चुंबकही चिकटतं. सोनेरी पायराइटची रेघ हिरवट काळी येते, खऱ्या सोन्याची पिवळी.

चाचणी नेहमी ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर करा, गंजलेल्या सालीवर नाही.